तीनशे अठरा नंबरचा गहू

सोमवार, ४ सप्टेंबर

मुंगे,

आशीर्वाद पाठवतोय. नको असतील तर पाकिटातच राहू देत, परत पाठवायचा खटाटोप नको.

तुझं पत्र मिळालं. वर "प्रति, माजी संग्रहप्रमुख" वाचून क्षणभर वाटलं, हा कोण बुवा? मग लक्षात आलं, मीच की. अकरा वर्षांतलं हे तुझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांत मिळून नसतील एवढ्या ओळी यात आहेत आणि त्यातली एकही माझ्या तब्येतीबद्दल नाही. चालेल. गव्हाच्या निमित्ताने का होईना, लिहिलंस तर खरं.

तू विचारलंस ते सांगतो. तीनशे अठरा मी स्वतः आणला. तू तेव्हा दुधाचे दात पाडत होतीस. डोंगरातल्या एका वस्तीवर एका शेतकऱ्याने मला पिशवीभर ओंब्या दिल्या आणि म्हणाला, "याला रोग लागत नाही साहेब, आम्हीच आधी मरतो." दाणा लाल आणि बुटका, दिसायला अगदी आपल्या साध्या लाल गव्हासारखा. संस्थेत आणून तीन हंगाम आम्ही त्याच्यावर मुद्दाम तांबेरा सोडला. आजूबाजूच्या वाफ्यांवर नारिंगी भुकटी चढली, पानं करपली, आणि हा पठ्ठ्या हिरवागार. नोंदवहीत तिन्ही हंगामांचे आकडे आहेत, खाली माझी सही आहे.

आता तुझी अडचण. बियाण्यांच्या संग्रहातल्या तीनशे अठरा नंबरच्या पाकिटातून तुम्ही वरच्या थंड दरीत तीन हंगाम बी वाढवलंत. दोनशे पोती तयार आहेत आणि बारा ऑक्टोबरला ती खालच्या गावांना जायची आहेत. पोती फाटकाबाहेर पडण्याआधी त्यांचा डीएनए तपासून "हा कोणता वाण आहे" याच्या प्रमाणपत्रावर सही करायचं काम तुझं. तू तपासलंस आणि गाडं अडलं. तू पाठवलेला फोटो भिंगाखाली धरून पाहिला. काळ्यावर पांढऱ्या रेघा, शिंप्याने खडूने मारल्यासारख्या. बारा जागी तपासलंस आणि बाराही जागी पोत्यातल्या गव्हाच्या रेघा साध्या लाल गव्हाशी जुळल्या. म्हणजे नेमक्या त्या गव्हाशी, ज्याच्यावर तांबेरा तुटून पडतो.

अगं, नळ्या भेसळल्या असतील. तुलनेसाठी साधा लाल शेजारीच ठेवला होतास ना? त्याचा एक थेंब इकडे उडाला की झालं. हात स्वच्छ धू आणि पुन्हा कर. लहानपणी जेवायला बसतानाही तुला हे सांगावं लागायचं.

आणखी एक. या एकाच पाकिटाचा तपास केलास की आणखी काहींचा? सहज विचारतोय.

बाबा


बुधवार, १३ सप्टेंबर

मुंगे,

पुन्हा केलंस. नवीन पानं, नवीन रसायनं, नमुने काढायला दुसऱ्याच माणसाचे हात, आणि रेघा त्याच. आता तुझे संचालक सगळ्यांसमोर म्हणतात की तुझ्या लॅबला साधं स्वच्छतेचं काम जमत नाही. वाचून वाईट वाटलं. हा गृहस्थ माझ्या हाताखाली होता तेव्हा पेन्सिलीला टोक काढायलासुद्धा माणूस शोधायचा.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, पोत्यातल्या गव्हाची रोपं कुंडीत लावून त्यांच्यावर तांबेरा सोडून बघावं का. माझं मत, नको. त्याला महिना जाणार आणि तोवर पेरणीची वेळ निघून जाईल. तीन हंगामांची नोंद असताना चौथी परीक्षा कशाला? दुसरी, शेजारच्या पाकिटांचाही डीएनए काढून बघावा का. तेही नको. ती पाकिटं ठेवलेल्या दोन नंबरच्या थंड खोलीचं दार फार वेळ उघडं राहिलं की ओल आत शिरते. तीनशेचाळीस वाण आहेत त्या खोलीत, हकनाक मरायचे.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "तुम्ही माणसांशी कसेही वागला असाल, पण बियाण्याशी खोटं वागणार नाही. त्या एकाच भरवशावर मी माझ्या निकालावर शंका घेते आहे." ही ओळ मी चारदा वाचली. चहा निवून गेला.

तेव्हा माझं ऐक, शंका घेतच राहा.

बाबा


रविवार, १७ सप्टेंबर
(हे टपालात टाकायचं नाही)

मुंगे,

तुझ्या लॅबमध्ये काहीही बिघडलेलं नाही. तुझ्या रेघा खऱ्या आहेत.

आई दवाखान्यात होती त्या उन्हाळ्यात पहिले एकोणीस दिवस मी तिच्यापाशी होतो, तुला आठवत असेल. संस्थेत सकाळी पाच मिनिटं डोकावायचो आणि थंड खोल्यांच्या वहीत तापमान लिहायचो. दार उघडून काटा बघायचा आणि मग लिहायचं, अशी पद्धत. पण वीस वर्षं मी तिथे चार अंश लिहीत आलो होतो. काटा कधी हललाच नव्हता. म्हणून टेबलावर बसूनच लिहायचो. चार. चार. चार. एकोणीस वेळा.

विसाव्या दिवशी दोन नंबरचं दार उघडलं आणि तोंडावर भपकारा आला. बर्फ वितळवायचा हीटर अडकून पडला होता आणि खोलीची भट्टी झाली होती. भिंतींवरून पाणी निथळत होतं. प्रत्येक पाकिटातले पन्नास दाणे ओल्या कागदावर ठेवले आणि चार दिवस वाट पाहिली. एकालाही मोड आला नाही. तीनशेचाळीस वाण. त्यातले कित्येक आता जगात कुठेच नसतील, कारण ज्यांनी ते जपले होते ती शेतं आणि ती माणसं कधीच गेली. त्यांची जोडपाकिटं दुसऱ्या संस्थेत ठेवायला पाठवायची होती. ते काम मी दोन वर्षं पुढे ढकलत होतो.

महिनाअखेरीला तपासणी होती. ते लोक कुठलीही दहा पाकिटं उचलतात आणि दाणे उगवतात का ते बघतात. मी शेताच्या कोठारातून दोन पोती आणली. लाल दाण्याच्या वाणांसाठी साधा लाल, पिवळसर दाण्याच्या वाणांसाठी साधा पिवळा. मेलेलं बी ओतून द्यायचं, जिवंत भरायचं, पाकीट चिकटवून जुना नंबर टाकायचा. तीन दिवस एकटा हेच करत होतो. तिसऱ्या दिवशी तुझी आई गेली.

तू उद्या त्या खोलीतली चाळीस पाकिटं तपासलीस तर चाळीसांत मिळून तुला दोनच प्रकारच्या रेघा दिसतील. तेवढ्यावरून तुला सगळं कळेल. माझी मुलगी आहेस.

संस्थेने मला कौतुकाचं पत्र दिलं होतं. हीटर बिघडल्याचं वेळेत ओळखून, घरचं दुःख बाजूला ठेवून मी संग्रह वाचवला म्हणे. तू त्याच आठवड्यात सामान बांधलंस. "आईपेक्षा तुम्हाला तुमची पाकिटं मोठी," असं म्हणून गेलीस आणि मी मूग गिळून बसलो. मला तेव्हा सोयीचं वाटलं. बी वाचवण्यासाठी बायकोला एकटं सोडणारा माणूस तुझ्या नजरेत निदान कशासाठी तरी एकनिष्ठ होता.

बी वाचलंच नव्हतं, मुंगे. मी मेलेल्या पाकिटांपाशी बसलो होतो.


सोमवार, २५ सप्टेंबर

मुंगे,

परवा कालव्याच्या कडेने फिरायला गेलो. तिथे मागच्या हंगामात सांडलेल्या दाण्यांचा गहू आपोआप उगवलाय, गुडघ्याएवढा. त्यातून चालत पलीकडे गेलो आणि खाली पाहिलं तर पायजमा पोटऱ्यांपर्यंत नारिंगी. झटकला तर हवेत धूर उडावा तशी भुकटी उडाली. तांबेरा आलाय. पेरणी अजून व्हायची आहे आणि हा आधीच येऊन वाट बघत बसलाय.

शेजारच्या बाई दूध द्यायला आल्या तेव्हा पायजमा दोरीवर वाळत होता. त्यांची अडीच एकर आहे, सगळी स्वतः कसतात. डाग पाहून म्हणाल्या, "आला ना तो? येऊ दे. यंदा तुमच्या मुलीचा गहू येणारे." त्यांचा स्वर अगदी निवांत होता. मी दुधाचं भांडं आत नेलं.

तुझं पत्र हातात आहे. बारा तारखेच्या आत कारण सापडलं नाही तर संचालक तुला बाजूला करून दुसऱ्या कुणाची तरी सही घेणार आहेत. तू लिहितेस, "नोंदवही खरी आणि रेघाही खऱ्या, असं कसं असेल? काहीतरी कारण असेलच ना? तुम्हीच सांगू शकता."

कारण आहे.

साधा लाल हा तीनशे अठराचाच वंशज. मी तो आणण्याच्या कितीतरी आधी, संस्था सुरू झाली त्या काळात, कुणीतरी त्याच वस्तीवरच्या गव्हाशी संकर केला होता, त्याचे कागद पुढे गहाळ झाले. मला हे जुन्या माणसांकडून कळलं. बाप-लेकाचे चेहरे मिळतात तशा या दोघांच्या रेघा मिळतात. तू गव्हाच्या एवढ्या मोठ्या पोथीतल्या बारा ओळी वाचतेस आणि तांबेऱ्याला अडवणारं जनुक त्या बारा ओळींत नाही. ते बापापाशी राहिलं, लेकाकडे आलंच नाही. म्हणजे तूही बरोबर आणि वहीही बरोबर.

बघ पटतंय का.

बाबा


बुधवार, ४ ऑक्टोबर

मुंगे, माझ्या सोन्या,

"प्रिय बाबा." अकरा वर्षांनी.

पत्र हातात घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. संचालकांना कारण पटलं, तू सही केलीस, आणि त्यांनी सर्वांसमोर तुझी माफी मागितली. शाब्बास. आणि पोती रवाना झाली की चौदा तारखेला तू इकडे येतेस, चार दिवस राहतेस! मी तुझी खोली झाडली. गादी उन्हात टाकली. आरशाला तडा गेलाय, तो बदलून घेतो. तुला अजून साय काढलेलंच दूध लागतं का तेवढं कळव. की आता मोठ्या लोकांसारखी काळी कॉफी पितेस?

तू लिहिलंस, "एवढी वर्षं मी तुमच्यावर रागावले. या महिन्यात वाटलं, निदान एका बाबतीत तरी तुम्ही मला आयुष्यभर पुरेल असं काही दिलंत. तुमच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकते."

मी खूप आनंदात आहे.

आत्ताच शेजारच्या बाई येऊन गेल्या. पिठाचा मोठा डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "घ्या, यंदा भरपूर आहे. बियाण्यासाठी ठेवलेला गहू सगळा दळून आणला. पिवळा होता, जुना, घरचा. तो तांबेऱ्याला थोडा तरी टिकायचा. पण आता त्याची गरज काय? तीनशे अठरा येतोय ना."

मी म्हटलं, "सगळा दळलात? थोडाही ठेवला नाही?"

"ठेवून काय करू? आमच्या गल्लीत सगळ्यांनी दळला."

डबा ओट्यावर आहे. अजून उघडलेला नाही. बाकी सगळं ठीक. चौदाला ये.

बाबा


गुरुवार, १२ ऑक्टोबर. सकाळी साडेदहा. तुमच्या फाटकाबाहेरचा बाक.

मुंगे,

मी इथे आलोय, खाली. पहाटेच्या बसने निघालो. वॉचमन नवीन आहे, मला ओळखत नाही. आज गडबड आहे, कुणालाही आत सोडायचं नाही असं त्याला सांगितलंय. तुला तीनदा फोन लावला. तो म्हणतो, "आजोबा, लॅबमध्ये मॅडम फोन नेत नाहीत. लिहून द्या, मी वर देतो." म्हणून लिहितोय. आठ दिवस घरून फोन करू शकलो असतो. केला नाही, कारण तुझा आवाज गोड आला असता आणि मी पुन्हा खोटं बोललो असतो. माझी मला आता पुरती ओळख पटली आहे.

वंशज वगैरे काही नाही. कुणी संकर केला नव्हता. ती गोष्ट मी ओट्यापाशी उभं राहून रचली, वीस मिनिटांत. तुझ्या रेघा पहिल्या दिवसापासून खऱ्या होत्या. तुझ्या पोत्यांत साधा लाल गहू आहे. वरच्या दरीच्या थंडीत तांबेरा पोचत नाही म्हणून तिथे तो तीन हंगाम धडधाकट दिसला. खाली गावात पेरला की महिन्या-दीड महिन्यात नारिंगी होईल. लोकांनी घरचं बी दळून टाकलंय, त्यांच्याकडे दुसरं काही नाही. आणि कागदावर तुझी सही आहे.

सोबत सतरा सप्टेंबरचं पत्र जोडलंय. टाकायचं नाही म्हणून लिहिलं होतं, तेही वाच. सगळं त्यात आहे. मागे दोन नंबरच्या खोलीतल्या तीनशेचाळीस नंबरांची यादी आहे, माझ्या अक्षरात, सहीसकट. ती संचालकांना दे. तुझा यात काही दोष नाही असं मी वेगळ्या कागदावर लिहून दिलंय. पोलिसांना बोलवायचं असेल तर मी बाकावरच आहे.

समोर ट्रक उभा आहे. पोती चढवून झाली आहेत. मी ड्रायव्हरला जाऊन सांगितलं, हा गहू नेऊ नकोस. तो म्हणाला, "आजोबा, सहीचा कागद आहे माझ्याकडे. उन्हात बसू नका."

तू विचारशील, तीनशेचाळीस पाकिटं भरली, तीही अकरा वर्षांपूर्वी, मग नेमकं तीनशे अठरा त्यात होतं हे कशावरून? डोंगरातून आणलेलं तुमचं लाडकं पाकीट, ते एखादं वाचलंही असेल. संचालकही हेच विचारतील आणि तेवढ्या आशेवर ट्रक सोडतील. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. म्हणून जे मी त्या पत्रातही लिहिलं नाही ते लिहितो.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला खोलीबाहेरचा फोन वाजला. तूच असणार हे मला कळलं. दवाखान्यातून दुसरं कोण करणार? माझ्या हातात पाकीट होतं, अर्धं भरलेलं. वाटलं, एवढं भरून उचलू, नाहीतर कुठवर आलो ते विसरेन. फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजायला लागला. मी दाणे भरले, तोंड दुमडलं, डिंक लावला, तो सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं, शिक्का घेऊन नंबर मारला, आणि मग उचलला. तू म्हणालीस, "बाबा, मघाशी का नाही उचललात? आई शुद्धीवर होती, तुम्हाला विचारत होती. आता गेली."

मी समोर बघत होतो. शाई ओली होती. तीनशे अठरा.

बाकी पाकिटांच्या बाबतीत माझी एखादी चूक होऊ शकेल. याच्या बाबतीत नाही.

ट्रकचं मागचं फळकं लावतायत. धावत खाली ये आणि आधी पोती उतरवून घे. माझ्याकडे बघायचं की नाही ते मग ठरव.